शेठ पुन्हा उठले: ठाण्यातल्या एका खेळातलं अमरत्वाचं प्रकरण

प्रकरण थोडक्यात असं. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या आमच्या खेळात एका म्हाताऱ्या हिरेव्यापाऱ्याने बंदरावरच्या देवळाशी लेखी करार केला. मी मेलो की मला परत उठवायचं, त्यासाठी लागणारे ४० हिरे आत्ताच तुमच्या तिजोरीत जमा करतो, ते संपत आले की माझी पेढी आणखी देईल. करारावर सही झाली, शाई वाळली आणि शेठ खेळणारे वकीलकाका माझ्याकडे बघून म्हणाले, "डीएमबाई, माझं कॅरॅक्टर आजपासून अमर. कॅरॅक्टर शीटवर तशी नोंद करा."

नोंद करायची की नाही, यावर आमचा अख्खा पावसाळा गेला.

हा खेळ माहीत नसलेल्यांसाठी दोन शब्द. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली अमेरिकेत छापला. प्रत्येक जण एक पात्र चालवतो. डंजन मास्टर, म्हणजे डीएम, उरलेलं सगळं जग चालवतो. डाव जिथे अडेल तिथे फासा टाकायचा. आमच्या टेबलावर पाचवी आवृत्ती चालते, २०१४ च्या पुस्तकांची. मंडळी रविवारी दुपारी नौपाड्यात माझ्या घरी जमतात. वकीलकाका जिल्हा न्यायालयात दिवाणी कामं बघतात. पाचपाखाडीत मेडिकल चालवणारा दादा क्लेरिक, म्हणजे धर्मगुरू, खेळतो. कळव्याहून येणारी बीएस्सीची मुलगी ड्रुइड, म्हणजे निसर्गाची पुजारीण, आहे. आर्किटेक्टचा विझार्ड, म्हणजे जादूगार, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमुळे निम्म्या सत्रानंतर उगवतो. शिवाय शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाई आहेत. त्यांची योद्धी कमी बोलते, बाई मात्र भरपूर. पात्रं सगळी नवव्या लेव्हलची. खेळातलं बंदर मी शिलाहारांच्या श्रीस्थानकावर बेतलंय. खाडी, देऊळ, तलाव, घोड्यांचे व्यापारी असं सगळं त्यात आहे. नाण्यांना आम्ही मोहरा म्हणतो.

शेठचं वय ८१. पाचव्या आवृत्तीत माणूस नेमका किती जगतो याचा तक्ता नाही, शंभरीच्या आत आटोपतं एवढंच म्हटलंय. म्हणून मी तिसऱ्या आवृत्तीची रीत वापरते: सत्तर अधिक दोन वीसबाजू फाशांची बेरीज. शेठसाठी फासे गुपचूप टाकले तेव्हा ३ आणि ११ पडले. म्हणजे ८४. तो आकडा पाकिटात बंद करून ठेवला होता आणि काकांना पाकीट आहे एवढंच माहीत होतं.

करारातली फट

काकांचं म्हणणं हवेतलं नव्हतं, हे आधी मान्य करायला हवं. मेलेल्याला उठवणारे स्पेल, म्हणजे मंत्र, या आवृत्तीत पाच. सगळ्यात स्वस्त रिव्हिव्हिफाय. मेल्यावर एका मिनिटाच्या आत लावायचा, ३०० मोहरांचे हिरे जळतात. रेझ डेडला मुदत दहा दिवसांची आणि हिरा ५०० मोहरांचा. रिझरेक्शनला शंभर वर्षं आणि हजार मोहरा. ट्रू रिझरेक्शनला दोनशे वर्षं आणि २५,००० मोहरा, तिथे देह नसला तरी नाव घेऊन नवा देह उभा राहतो. पाचवा ड्रुइडांचा रिइनकार्नेट. त्याच्याकडे नंतर येते.

काकांनी पाचही स्पेलांचा मजकूर छापून आणला होता, पिवळ्या हायलायटरने रंगवून. रिव्हिव्हिफायमध्ये लिहिलंय की म्हातारपणाने मेलेल्याला हा स्पेल उठवत नाही. रिझरेक्शनमध्ये तेच. ट्रू रिझरेक्शनमध्येही तेच. रेझ डेडमध्ये ते वाक्य नाही.

"तीन ठिकाणी घातलं, इथे घातलं नाही," काका म्हणाले. "कायद्यात याचा एकच अर्थ निघतो. कर्त्याला इथे ते नको होतं."

दादाचं मत वेगळं होतं. सातव्या आणि नवव्या पायरीच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या, स्पेलांना जे जमत नाही ते पाचव्या पायरीच्या स्पेलाला कसं जमेल? चुकून राहिलं असणार. बाईंनी दादाची बाजू घेतली. आर्किटेक्ट अजून मानपाड्याच्या सिग्नलला होता.

इथे जुन्या पुस्तकांकडे वळावं लागतं, कारण फट पडली कशी ते तिथे दिसतं. १९७८ च्या खेळाडूंच्या पुस्तकात पुनरुज्जीवन म्हणजे धोक्याचा सौदा होता. परत येताना टक्क्यांचा फासा टाकायचा, तो फसला की संपलं. शिवाय पात्राचा मूळ कॉन्स्टिट्यूशनचा, म्हणजे काटकपणाचा, आकडा जितका, तितक्याच वेळा परत येता यायचं, पुढे दार कायमचं बंद. एल्फांना रेझ डेड लागूच होत नव्हता. त्या आवृत्तीत रिझरेक्शन करणारा धर्मगुरू दर वेळी स्वतः तीन वर्षांनी म्हातारा व्हायचा. तिसऱ्या आवृत्तीच्या २००३ च्या सुधारित पुस्तकांत हिरा ५,००० मोहरांचा होता आणि परत येणारा एक लेव्हल गमावून बसायचा. रेझ डेड असो की रिइनकार्नेट, म्हातारपणाने मेलेल्याला चालणार नाही असं दोन्हींत स्पष्ट छापलं होतं. पाचव्या आवृत्तीने ही सगळी वसुली सोडून दिली. हिरा दहापट स्वस्त झाला, लेव्हल शाबूत राहिली, शिक्षा उरली ती चार दिवसांच्या अशक्तपणाची. परतल्यावर हल्ले, बचाव आणि चाचण्यांच्या फाशांतून चार वजा होतात आणि प्रत्येक पूर्ण विश्रांतीनंतर एक गुण भरून निघतो. खेळाडूंच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. दोन वर्षं जपलेलं पात्र एका वाईट फाशाने गेलं तर कुणालाच आवडत नाही. पण वसुली उठवताना एका स्पेलातली अट गळाली आणि ती नेमकी एका दिवाणी वकिलाच्या नजरेला पडली.

मी काकांच्या बाजूने निकाल दिला. नियमात लिहिलं नसेल तर बंदी नाही. रेझ डेड म्हातारपणाने मेलेल्यालाही उठवेल.

मात्र तोच मजकूर पुढे वाचायचा. रेझ डेड जीवघेण्या जखमा भरतो, विष उतरवतो, साधे रोग बरे करतो. गेलेला अवयव परत देत नाही. देहाचं वय कमी करतो असं कुठेही म्हटलेलं नाही. म्हणजे शेठ उठतील ते एका हिट पॉइंटवर, जेमतेम जिवंत, आणि ज्या देहाचं तेल संपलं होतं त्याच देहात. असा देह किती तग धरेल? त्यासाठी मी टेबलाचा नियम केला: दोन सहाबाजू फाशांच्या बेरजेइतके दिवस.

काकांनी लगेच गणित मांडलं. दोन फाशांची सरासरी सात. चाळीस हिरे म्हणजे २८० दिवस. २०,००० मोहरांत जेमतेम नऊ महिने, आणि त्यातही दर आठवड्यातले पहिले चार दिवस अशक्तपणाचे. दिवसाला ७१ मोहरा पडत होत्या. पुस्तकाप्रमाणे राजेरजवाड्यांच्या थाटात राहायचा खर्च दिवसाला किमान १० मोहरा आहे.

"महाग आहे," काका म्हणाले, "पण बेकायदा नाही." आणि ते हिशेबाच्या वहीत काहीतरी लिहीत राहिले.

दिवाळीपुरते शेठ

पुढच्या रविवारी ते जे घेऊन आले ते मला आजही या प्रकरणातलं सगळ्यात हुशार पाऊल वाटतं. जेंटल रिपोज नावाचा एक दुय्यम स्पेल आहे. प्रेताच्या दोन्ही डोळ्यांवर तांब्याचं एकेक नाणं ठेवायचं, चिमूटभर मीठ घ्यायचं, आणि दहा दिवस प्रेत कुजत नाही. शिवाय ते दहा दिवस रेझ डेडच्या मुदतीत धरले जात नाहीत. हा स्पेल विधी म्हणूनही करता येतो, म्हणजे त्यात धर्मगुरूची रोजची शक्ती खर्च होत नाही. मिठाचा आणि दोन नाण्यांचाच काय तो खर्च.

तर काकांची दुरुस्ती अशी: शेठ मेले की उठवायचं नाही. नाणी ठेवून जपून ठेवायचं. वर्षातून एकदाच, दिवाळीच्या सुमाराला, हिरा जाळून उठवायचं. ते आठवडाभर पेढीचे हिशेब तपासतील, सह्या करतील, पुतण्याला झापतील आणि परत मरतील. चाळीस हिरे, चाळीस वर्षं.

ड्रुइड खेळणारी मुलगी म्हणाली, "काका, मग दिवाळी कशाला? पितृपक्षातच या ना. सोय होईल सगळ्यांची."

हसून झाल्यावर आम्ही देवळाच्या बाजूने बघायला बसलो आणि खरा पेच तिथे होता. वर्षाला छत्तीस-सदतीस वेळा कुणीतरी तळघरात उतरून विधी करायचा. खंड पडलेले दिवस साठत जातात. वर्षभरातली त्यांची बेरीज दहाच्या वर गेली की रेझ डेड निकामी. नवव्या लेव्हलच्या क्लेरिकला पाचव्या पायरीचा स्पेल दिवसातून एकदाच लावता येतो. साथीच्या दिवसांत रांगेत पोरं असतील तेव्हा हा दिवस शेठला द्यायचा का? दादाने क्लेरिकच्या आवाजात विचारलं, "शेठजी, मी स्वतः किती वर्षं जगणार? माझ्यानंतरच्या पुजाऱ्याला तुमचा करार बंधनकारक आहे, पण तो वाचणार आहे का?"

शिवाय आत्म्याची अट. रेझ डेडसाठी आत्मा मोकळा हवा आणि राजी हवा. डीएमच्या पुस्तकात हेही आहे की बोलावणाऱ्याचं नाव, त्याचा नैतिक कल आणि त्याचा देव आत्म्याला कळतो आणि त्यावरून तो नकार देऊ शकतो. मंदिराचा महंत पुढे लबाड निघाला, तर शेठचा आत्मा त्याच्या हाकेला ओ देईल का? काका म्हणाले, देईल. मी म्हटलं, हे तेव्हा विचारेन, आत्ता नाही.

म्हणजे शेठचं अमरत्व हिऱ्यांत नव्हतंच. ते एका संस्थेत होतं. चाळीस वर्षं न चुकता चालणारी, मनुष्यबळ असलेली, प्रामाणिक, लुटली न गेलेली संस्था. काकांनी सार्वजनिक न्यासांची कामं केली आहेत. हे ऐकून ते पहिल्यांदाच गप्प झाले.

चहाच्या वेळी बाईंनी कचाची गोष्ट काढली. सगळ्यांना माहीत असते, पण आमच्या अंगाने कुणी वाचलेली नसते. आदिपर्वात शुक्राचार्यांकडे संजीवनी आहे म्हणून युद्धात पडलेले दानव पुन्हा उठतात. त्यांना कुणी अमर म्हणत नाही. ते रोज मरतात आणि रोज उठतात, आणि गुरूने मंत्र म्हणायला हवा. कचाला तिसऱ्यांदा मारून त्याची राख मद्यातून शुक्राचार्यांनाच पाजली, तेव्हा अडचण झाली ती नेमकी हीच. कच बाहेर येणार तर गुरू मरणार, आणि गुरूला उठवायला मंत्र येणारा दुसरा कुणी नाही. म्हणून गुरूने पोटातल्या शिष्याला विद्या शिकवली. तो पोट फाडून बाहेर आला आणि त्याने गुरूला उठवलं. पुढे देवयानीने शाप दिला की ही विद्या तुला फळणार नाही. कच म्हणाला, मी ज्याला शिकवेन त्याला फळेल.

"मंत्र दुसऱ्याच्या तोंडी लागतो," बाई म्हणाल्या. "म्हणून तर देवांना समुद्र घुसळावा लागला."

मुलगी कप हातात धरून थांबली. "म्हणजे दोघं लागतात," ती म्हणाली. "दोघं असले तर?"

रिइनकार्नेट

तिच्या मनात काय आलं होतं ते सांगण्याआधी शेठचं मरण. कथेत तीन वर्षं उलटली, पाकीट उघडलं, शेठ ८४ व्या वर्षी झोपेत गेले. कराराप्रमाणे देवळाने उठवलं. फाशांवर नऊ. नऊ दिवस शेठनी पेढी चालवली आणि पुन्हा गेले. पुन्हा हिरा, फाशांवर तीन. तिसऱ्या मरणानंतर पुतण्याने मंदिराला नोटीस दिली की उरलेले ३८ हिरे वारसाचे आहेत, कारण त्याचे काका, म्हणजे शेठ, मेलेले आहेत. पुतण्या अर्थात मी चालवत होते, आणि मनापासून.

वकीलकाकांना यावर एकदम उत्साह आला. एकदा माणूस मेला की वारसा उघडतो. मग तो दुपारी उठला तर वारसा बंद होतो का? आपल्याकडे सात वर्षं बेपत्ता माणसाला मृत धरतात आणि तो परत आला तर गृहीतक मोडतं. पण शेठ बेपत्ता नव्हते. त्यांचं प्रेत सगळ्यांनी पाहिलं होतं. पेन्शनवाले नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला देतात, तसा शेठना दर मरणानंतर द्यावा लागणार, असं दादा म्हणाला, आणि हा नियम आम्ही खरोखरच बंदराच्या व्यापारी संघाच्या कायद्यात घातला.

तेव्हा मुलीने आपलं पान टाकलं. रिइनकार्नेट: हजार मोहरांची दुर्मीळ तेलं, मुदत तीच दहा दिवसांची, आणि आत्म्याला नवा प्रौढ देह. आठवणी आणि कौशल्यं तीच. पाचव्या आवृत्तीत इथेही म्हातारपणाची बंदी नाही, आणि रेझ डेडसारखी जुन्या देहाची अडचणही नाही. देह कुठल्या जमातीचा ते शंभराच्या फाशावर. माणूस व्हायची शक्यता २० टक्के, एल्फ २१, ड्वार्फ १७. एल्फ झालं तर साडेसातशे वर्षांपर्यंत आयुष्य. काकांचे डोळे चमकले. फासा त्यांनीच टाकला.

५८. अर्ध-ऑर्क. क्वचितच पंच्याहत्तरी ओलांडणारी जमात. मी देह वीस वर्षांचा धरला, म्हणजे हातात पंचावन्न वर्षं. काकांनी तिथल्या तिथे हिशेब केला: वर्षाला अठरा मोहरा. "फायद्याचा सौदा," म्हणाले.

फायदा पेढीच्या दारापर्यंतच टिकला. देवळाचा करार "या देहास" असा होता. काकांनीच लिहिला होता तसा, तोतया येऊ नये म्हणून. आता हिरवट चेहऱ्याचा, सुळे असलेला एक तरुण येऊन म्हणत होता की मी शेठ. पुतण्या म्हणाला, हे आमचे काका नाहीत. व्यापारी संघापुढे सुनावणी झाली. झोन ऑफ ट्रुथ नावाचा स्पेल लावला. त्याच्या घेऱ्यात बचावाचा, म्हणजे स्पेलाला दाद न देण्याचा, फासा फसलेल्याला जाणूनबुजून खोटं बोलता येत नाही. फासा फसला. अर्ध-ऑर्क म्हणाला, "मी तोच आहे."

पुतण्याचा वकील म्हणून दादा उभा राहिला, आणि त्याने माझ्या टेबलावरचा आजवरचा सर्वोत्तम आक्षेप घेतला. "साक्षीदार खोटं बोलत नाही, एवढंच सिद्ध झालं. त्याला तसं वाटतं. ते खरं आहे का, हे या स्पेलाला विचारलेलंच नाही."

संघ मी चालवत होते. निकाल असा दिला: आठवणी त्याच्या आहेत, म्हणून शेठनी घेतलेली कर्जं त्याने फेडावीत. देह तो नाही, म्हणून करार आणि तिजोरी पुतण्याची. काकांनी निषेध नोंदवला आणि अपिलाची तयारी सुरू केली. तत्त्वाच्या बाजूने बघता हा निकाल लंगडा आहे, मला ठाऊक आहे. पण व्यापारी संघ असाच निकाल देईल. सावकारांची तिथे मतं असतात, तत्त्वज्ञांची नसतात.

मुलीचा प्रश्न मात्र राहिला होता. दोन ड्रुइड, दोघीही रिइनकार्नेट येणाऱ्या. एक मेली की दुसरीने दहा दिवसांच्या आत तिला नवा देह द्यायचा. पन्नास वर्षांनी उलट. हिरा नाही, देऊळ नाही, करार नाही. अठराव्या लेव्हलला ड्रुइड दहा वर्षांत एकाच वर्षाने म्हातारा होतो, म्हणजे वारंवारताही घसरते. मी पुस्तक तीनदा चाळलं. नियमात अडवायला काही नाही. एकीला दुसरी वेळेवर सापडली पाहिजे, आत्मा कुणी पकडून ठेवलेला नसला पाहिजे, आणि दर वेळी आरशात कोण दिसेल ते फाशावर. एवढ्या अटींत छापील मजकुराप्रमाणे ते दोघींचं अमरत्व आहे. एकटीचं नाही.

आता टेबलावर लागू असलेला नियम असा. रेझ डेड म्हातारपणाच्या मरणावर चालेल, दोन फाशांइतके दिवस मिळतील. जेंटल रिपोजची वार्षिक योजना चालेल, मात्र सांभाळणारी संस्था खेळातच उभी करावी लागेल आणि तिच्यावर संकटं येतील. रिइनकार्नेट चालेल, नव्या देहाला जुनी मिळकत आपोआप मिळणार नाही, देणी मिळतील. दोन ड्रुइडांची जोडी मी बंद केलेली नाही. बंदराच्या वरच्या जंगलात अशी एक जोडी आधीपासून राहत असावी, असं मी ठरवलंय, आणि मुलीला ते सांगितलेलं नाही.

क्लोन उरतो. तो आठव्या पायरीचा स्पेल. जिवंतपणीच आपल्या देहाचा तुकडा देऊन दुसरा देह भांड्यात वाढवायचा, हवा तर तरुण. तो १२० दिवसांत तयार होतो आणि मूळ देह मेला की आत्मा आपणहून तिकडे जातो. बाहेरून कुणी मंत्र म्हणायला लागत नाही, म्हणून त्याला मी पुनरुज्जीवन मानत नाही आणि या प्रकरणात धरलेलं नाही. पंधराव्या लेव्हलचा विझार्ड लागतो. आमचा अजून नवव्यावर आहे. पण परवा तो पहिल्यांदा वेळेवर आला आणि त्याने तळघराचा नकाशा टेबलावर पसरला: भांड्याला २,००० मोहरा, हिऱ्याला १,०००, दोन दरवाजे, आणि किल्ली कुणाकडे ठेवायची तिथे प्रश्नचिन्ह. वकीलकाकांनी किल्लीचा करारनामा लिहून द्यायची तयारी दाखवली आहे. फी आगाऊ मागितली आहे.